उलटं बुजगावणं

टर्की नावाचा पक्षी उडतो, ही गोष्ट मला कोणीतरी आधी सांगायला हवी होती. वजन नऊ किलो, चाल माजी सरपंचासारखी, आणि पंख असे की केवळ शोभेला दिले असावेत. मी त्याच्यासाठी परसात स्वतः जाळी ठोकली होती. दहा बाय बारा फूट, चारही कोपरे काटकोनात, कर्ण मोजून खात्री केलेली. चौतीस वर्षं जमीनमोजणीच्या खात्यात काढलेल्या माणसाचं काम होतं ते. पण आमच्या खात्यात लांबी-रुंदी मोजतात, उंचीशी आमचा संबंध येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तो पक्षी चार फुटी जाळीवरून पलीकडे शेजारच्या धनीरामच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात उतरला, मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि उभ्या धानात शिरला.

पक्षी माझा असता तर मी देवाचे आभार मानून चहा घेतला असता. पण तो माझ्या इवायाचा होता. इवाई म्हणजे व्याही. आमची हर्षा नाकाडोंगरीला भय्याजींच्या घरी दिली आहे. भय्याजी आणि इहीनबाई, म्हणजे विहीणबाई, बारा दिवसांसाठी रामेश्वरला निघाले, तेव्हा भय्याजींनी हा लाडका टर्की कोंबडा पिकअपमध्ये घालून सानगडीला आमच्या दारात आणून सोडला. त्याचं नाव कप्तान.

"इवाई, तुमच्या भरवशावर सोडून राहिलो याले," भय्याजी म्हणाले. "मंडईच्या दिवशी येतो अन् घेऊन जातो."

"बिनघोर जा," मी म्हणालो. "दिली तशी वस्तू परत मिळेल."

"पाहा बरं. मांडवासारखं नका करू." आणि ते हसले.

हे हसणं समजावून सांगणं भाग आहे. हर्षाच्या लग्नात मी कोणावर विश्वास न ठेवता टेप घेऊन स्वतः मांडव आखला होता. सगळं चोख होतं. फक्त नवरदेवाची घोडी दारातून आत येईना. मी माणसांच्या हिशेबानं दार ठेवलं होतं, घोडीचं पोट कोणी कळवलं नव्हतं. जावई प्रफुल्लराव खाली उतरून पायी आत आले, आणि भय्याजी जे हसायला लागले ते चार वर्षं थांबलेले नाहीत. त्यांचं हसू पोटातून निघतं, घशात दोन गिरक्या घेतं आणि मग चारही दिशांना फुटतं. त्या दिवशी दारात ते हसले तसा पिकअपमधला कप्तानही फुलला आणि मान ताणून "गुडगुडगुडगुड" असं ओरडला. भय्याजी पुन्हा हसले, कप्तान पुन्हा ओरडला. दोघं मिळून माझीच थट्टा करतायत, असं मला वाटलं आणि फार लागलं.

आता तो कप्तान धानात होता आणि मंडईला नऊ दिवस उरले होते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई, इवाई-इहीन, सगळे झाडून येतात. म्हणजे मांडवानंतरचं माझं दुसरं हसं साऱ्या गोतावळ्यासमोर होणार होतं. पक्षी गेला याचं दुःख मला होतंच, पण खरं सांगतो, त्या हसण्याची धास्ती जास्त होती.

पहिले दोन दिवस आम्ही "ये ये" करत बांध्या तुडवल्या. कप्तान दिसायचा, पण शंभर फुटांवर. आपण दहा फूट पुढे गेलो की तोही दहा फूट पुढे. इतकं काटेकोर अंतर राखणारा प्राणी मी आयुष्यात पाहिला नाही. तो आमच्या खात्यात असता तर वर चढला असता.

मग मी मोबाइलवर वाचलं. अमेरिकेत टर्की रानात असतो आणि तिथले लोक त्याला फसवायला खोटा टर्की मांडून ठेवतात. खोटा नर मांडला की खरा नर भांडायला येतो, खोटी मादी मांडली की प्रेमानं येतो. ते लोक मग बंदूक झाडतात. मला फक्त कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं टाकायचं होतं. धनीरामला मी हे सगळं नीट समजावलं. तो विडी विझवून म्हणाला, "म्हंजे उलटं बुजगावनं म्हना ना. आमी पाखराले पळवाले ठेवतो, तुमी बलावाले ठेवता."

नर मांडावा की मादी, यावर आमच्या ओसरीवर सकाळभर खल झाला. धनीराम म्हणाला, "नर मांडा जी. मायेनं येनारा उशिरा येते, भांडाले येनारा धावत येते. तुमाले मोजनीत अनुभव नाही का?" हे मला पटलं. मोजणीची नोटीस निघाली की दहा वर्षं न भेटलेले भाऊ सकाळी सातला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर हजर असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या रत्नाबाईचं मत पडलं की मादी ठेवावी. पण बायकोचं मत पहिल्याच दिवशी मानलं, तर पुढे कशालाच काही क्रम उरत नाही. नर ठरला.

नर बनवायला टिकाराम. हा आमच्या गावच्या दंडारीतली, म्हणजे लोकनाट्यातली सोंगं, मुखवटे, मुकुट सगळं बनवतो. त्यानं कप्तानला पाहिलं नव्हतं. मी फोटो दाखवला. तो पाहून म्हणाला, "समजलं जी." कारागीर माणूस इतक्या लवकर समजलं म्हणाला की घाबरावं, हे मला आता कळतं. दोन दिवसांनी त्यानं बांबूच्या कामट्या आणि कागदाचा लगदा यांचा जो पक्षी आणला तो कमरेएवढा उंच होता. छाती पुढे, मागे सोनेरी पिसारा, आणि डोळ्यांत काजळ. टिकारामच्या हातून काजळाशिवाय काही बाहेरच पडत नाही. त्याचा राक्षससुद्धा काजळ घालतो.

"हा भांडायला बोलावणारा वाटत नाही रे," मी म्हणालो. "आशीर्वाद देणारा वाटतो."

"पन कसा रुबाबदार आहे," टिकाराम म्हणाला.

मी तो पक्षी धनीराम आणि त्याच्या पलीकडचा तुलाराम यांच्या बांध्यांमधल्या धुऱ्यावर, बांबूच्या बेटाजवळ मांडला. टेपनं बरोबर साठ फूट मोजून मी भाताच्या तणसाच्या ढिगाआड बसलो. कप्तान आला नाही. बगळे मात्र सगळे उडून गेले. दुपारी जेवायला घरी गेलो, आणि तेवढ्यात घात झाला.

बायजाबाई धान कापायला निघाली होती. म्हातारीची नजर अधू. धुऱ्यावर काजळ घातलेला सोन्याच्या पिसाऱ्याचा पक्षी पाहून तिनं विळा खाली ठेवला, हात जोडले, आणि जवळच्या पुडीतलं कुंकू त्याच्या कपाळी लावलं. मागून येणाऱ्या बायकांनी कुंकू पाहिलं. त्यांनी झेंडूची फुलं वाहिली. मी परत आलो तेव्हा पक्ष्यासमोर नारळ फुटला होता आणि मूठ-मूठ धानाच्या लोंब्या पडल्या होत्या.

"बायजाबाई, अवो हा कागदाचा आहे. मी ठेवला!"

"तुमच्या हातानं ठेवून घेतला त्यानं," बायजाबाई शांतपणे म्हणाली. "तुमचं नशीब म्हना."

मी तो उचलायला गेलो तर चार बायका आडव्या आल्या. "बसला तं बसू द्या जी. बसलेल्या देवाले उठवू नोका."

माझी अवस्था इतरांना कळणार नाही. चौतीस वर्षांत मी एकच गोष्ट जन्मभराची वैरीण मानली, ती म्हणजे हद्दीवरचं देऊळ. ते आज चार विटा असतं, उद्या ओटा होतं, परवा त्याला पायवाट लागते, आणि मग मोजणीदाराची टेप तिथे जाऊन मुकी होते. मी कितीतरी अहवालांत लिहिलं होतं, "हद्दीवर अनधिकृत धार्मिक बांधकाम आढळले." आणि आता ते मी स्वतः केलं होतं. संध्याकाळी धनीराम आणि तुलाराम दोघंही माझ्या ओसरीवर आले. देव नक्की कोणाच्या हद्दीत बसलाय ते मोजून द्या म्हणाले. दोघांनाही तो स्वतःच्या हद्दीत हवा होता. मी मला ताप आहे असं सांगितलं, आणि त्यानंतर त्या धुऱ्याकडे फिरकणंच सोडलं. रोज सकाळी बायजाबाई सांगून जायची, "देव जेवते जी. रात्री ठेवलेलं धान सकाळी एक दाना उरत नाही." उंदीर असतील, असं मी मनात म्हणायचो.

आता मादीशिवाय गत्यंतर नव्हतं. रत्नाबाई "मी सांगत होती" असं एकदाही म्हणाली नाही. तिचं हे न म्हणणं मला साऱ्या घरात ऐकू येत होतं. तिनं ट्रंकेतून एक राखी-तपकिरी शाल काढली, कात्री लावली, आत तणीस भरलं, आणि दुपारपर्यंत अशी मादी शिवली की मीसुद्धा दाराशी थबकलो. मान खाली, चरत असल्यासारखी, अंगावर काळे ठिपके. शाल कुठली, असं मी विचारलं नाही. चांगल्या कामात प्रश्न विचारू नयेत, असं मला वाटलं.

मंडईला तीन दिवस होते. बोडीखालच्या, म्हणजे तळ्याखालच्या बांधीत, जिथे अजून ओल होती, मी मादी ठेवली. साठ फुटांवर गोणपाट पांघरून मी पोटावर आडवा झालो आणि मोबाइलवर ऐकून शिकलेला मादीचा आवाज तोंडानं काढू लागलो. तो आवाज जमायला दोन दिवस लागले होते, आणि त्या दोन दिवसांत आमच्या गल्लीतलं एकही कुत्रं झोपलं नव्हतं.

"काका, उठा."

मान वर केली तर खाकी कपडे. वनरक्षक खुशबू. मुलगी हुशार आणि कर्तव्याला कडक.

"हे फसवं पाखरू कायले मांडलं? तितर धरता का मोर?"

"अहो मॅडम, टर्की."

"शिकारीचाच प्रकार झाला ना मग हा."

"मी शिकारी नाही हो," मी गोणपाटातून म्हणालो. "मी इवाई आहे!"

सगळी हकीकत ऐकून घेऊन ती मऊ झाली, पण नियम मऊ झाला नाही. टर्की हा पाळीव पक्षी आहे असा जनावरांच्या डॉक्टरचा दाखला आणा, मग खुशाल झोपा म्हणाली. जाताना तिला धुऱ्यावरचा पक्षी दिसला. तिनं बूट काढून नमस्कार केला. त्याचा दाखला मागितला नाही.

दवाखान्यातला बाबू सज्जन होता. त्यानं फॉर्म पुढे ठेवला. गाय, बैल, म्हैस, रेडा, शेळी, मेंढी, कोंबडी. टर्कीचा रकाना नव्हता. मी म्हणालो, 'इतर' मध्ये टाका. तो म्हणाला, "इतरमधी टाकाले जनावर समोर पाह्यजे." मी म्हणालो, जनावर हरवलंय, ते शोधण्यासाठीच दाखला हवा. त्यानं पेन टेबलावर ठेवून खूप विचार केला आणि म्हणाला, "मंग असं करा. आधी सापडवा, इथं आना, दाखला घ्या, अन् मंग शोधा." सरकारी नोकरीत असताना मीही लोकांना अशीच उत्तरं दिली असणार, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं आणि मी निमूट उठलो. त्यालाही वाईट वाटलं असावं. त्यानं मला परत बोलावून 'कोंबडी' पुढे कंसात 'मोठी' लिहिलं आणि शिक्का मारला.

तो कागद खिशात घालून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा आडवा झालो. आणि कप्तान आला! बांबूच्या बेटाकडून, पिसारा पूर्ण उघडून, पंख जमिनीला घासत. त्यानं रत्नाबाईच्या मादीभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, मान लाल-निळी झाली. डालगं हातात घेऊन मी सरपटत निघालो, अंतर साठ फूट, नंतर चाळीस, नंतर वीस. हे मला माहीत होतं कारण टेप मी जमिनीवर पसरूनच ठेवली होती. उठून झेप घेतली ती त्याच टेपमध्ये पाय अडकून. मी चिखलात तोंडावर, डालगं माझ्या पाठीवर. कप्तान बेटात. धुऱ्यावर दर्शनाला आलेल्या दहा-बारा बाया हे सारं पाहत होत्या. त्यातली एक म्हणाली, "मोजनीबाबूनं साष्टांग घातला गा देवाले!"

त्यानंतर तो मंडईपर्यंत दिसला नाही.

मंडईचा दिवस उजाडला. गावभर पाळणे, भज्यांचा वास, चौकात दंडारीची ढोलकी. अकराला पिकअप दारात थांबली. भय्याजी, इहीनबाई, हर्षा, प्रफुल्लराव उतरले. नमस्कार-चमत्कार झाले. भय्याजींनी रामेश्वरचं तीर्थ माझ्या हातात ठेवलं आणि लगेच विचारलं, "आमचा कप्तान?"

मी काय केलं होतं ते सांगायला आजही लाज वाटते. परसात डालग्याखाली रत्नाबाईची मादी ठेवली होती, शेपटी थोडी बाहेर राहील अशी. "झोपलाय," मी म्हणालो. "आधी जेवण होऊ द्या."

जेवणं झाली. मी आग्रह करकरून पाच पदार्थ दोनदा वाढले. पण माणूस जेवून जेवून किती जेवणार? भय्याजी हात पुसत परसात गेले. "काऊन रे कप्तान, मालकाले ओळख नाही देत?" म्हणून त्यांनी डालगं उचललं.

भय्याजी खाली बसले. त्यांनी मादीला हात लावला, पाठ चाचपली, पोटाखालची किनार उलटून पाहिली.

"इवाई," ते हळू आवाजात म्हणाले, "हे तं आमी तुमाले आहेरात देल्ली शाल होय."

मी रत्नाबाईकडे पाहिलं. रत्नाबाई आकाशाकडे पाहत होती. हर्षाच्या डोळ्यांत पाणी येऊ लागलं होतं. आपल्या लेकीला आपल्यामुळे सासरच्या माणसांसमोर मान खाली घालावी लागतेय, हे पाहिलं आणि माझ्यातला मोजणीदार एकदम खाली बसला.

"भय्याजी, कप्तान पळाला," मी म्हणालो. "मी जाळीची उंची मोजली नाही."

एकदा बांध फुटल्यावर काय थांबतं? सगळं सांगून टाकलं. उलटं बुजगावणं, काजळ, धुऱ्यावरचा देव, "मी इवाई आहे", कंसातली मोठी कोंबडी. कागद खिशातून काढून दाखवला. चिखलातल्या साष्टांगापर्यंत आलो तेव्हा भय्याजींची मान खाली होती आणि खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. म्हणून मी घाईनं म्हणालो, "टेपमध्येच पाय अडकला हो, माझ्याच टेपमध्ये!"

आणि ते हसले. पोटातून निघालं, घशात दोन गिरक्या घेतल्या आणि फुटलं. चार वर्षांतलं सगळ्यात मोठं हसू होतं ते. पाळण्याचा भोंगासुद्धा त्याखाली दबला.

"गुडगुडगुडगुड!"

आम्ही सगळे एकदम वळलो. आवाज धुऱ्याकडून आला होता.

"आनखी हसा," रत्नाबाई कुजबुजली. "इवाई, हसा ना!"

"आता कसा हसू? हसू येऊन नाही राहिलं," भय्याजी घाबरून म्हणाले.

माझ्या लक्षात आलं काय करायचं ते. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "भय्याजी, लग्नात घोडी आत का आली नाही माहीत आहे? दार दोन फूट रुंद ठेवलं होतं. आणि ते मी दोनदा मोजलं होतं."

भय्याजी पोट धरून खाली बसले. टिकारामच्या देवामागून, कपाळाला देवाचं कुंकू लागलेला आणि चोचीत धानाची लोंबी असलेला कप्तान बाहेर आला. चार-पाच दिवस नैवेद्य खाऊन चांगला किलोभर वाढला होता. बायजाबाईनं तिथेच हात जोडले. तो धुऱ्यावरून चालत निघाला, आणि भय्याजी हसायचे थांबले की तोही थांबायचा. मग मी पुढचं सांगायचो. त्यांच्या हातात येईपर्यंत मला माझ्या आयुष्यातल्या एकूण सहा फजित्या सांगाव्या लागल्या. दोन रत्नाबाईलाही माहीत नव्हत्या.

संध्याकाळी निघताना नवाच पेच पडला. कप्तान पिकअपमध्ये बसेना. उतरून उतरून शालीच्या मादीपाशी जायचा. भय्याजी म्हणाले, "इवाई, हेही लेक द्या आमाले." रत्नाबाईनं खरोखरच तिची ओटी भरली. हर्षा डोळे पुसत हसत होती.

मी टेप काढली आणि पिकअपच्या हौद्याचं दार मोजलं. लांबी, रुंदी आणि उंची. भय्याजी डोळे मिचकावून पाहत होते.

"जाईन का जी हा आत?"

"जाईल," मी म्हणालो. "घोडीसुद्धा जाईल."

या वेळी भय्याजींच्या आधी मीच हसलो. कसं कोण जाणे, पोटातून आलं. आणि आत मादीला टेकून बसलेल्या कप्तानानं मान ताणून माझ्या हसण्याला ओ दिली.